बाजारच्या दिवशीचं पाणी

डोंगरकडा, ८ जानेवारी २०२५

चि. पुनमला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू वकील झालीस म्हणून लिहिते. फोनवरचं बोलणं तुझ्या कोर्टात चालत न्हाई म्हणतेस.

बाजाराचं गाव आता शहर झालं. नगरपंचायत आली, पाटी आली. बाजाराच्या कडेला बायांसाठी गुलाबी संडास बांधला. दोन वर्षं झाली, त्याला कुलूपच. मी मुख्याधिकाऱ्याला विचारलं, काहून? तो म्हणाला, वापरला तर घाण होईल आणि स्वच्छतेच्या तपासणीत शहराचे गुण जातील. शिकलेला दिसतो.

आमी भाजीवाल्या बाजारच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत न्हाई. प्यालं की जावं लागतं. मला दोनदा मूतखड्याची तकलीफ झाली. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल. तुझ्या कायद्यात यावर काही असंल तर कळव.

लेकराला जप. माया आहे तशी राहू दे.

तुझी नर्मदामावशी

हिंगोली, १४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

नगरपंचायतीला नोटीस पाठवली. स्वच्छतागृह देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. उत्तर आलं: सदर स्वच्छतागृह सुरू असून महिलांकडून वापराची मागणी नाही. सोबत तीन कागद जोडलेत. लाज जोडलेली नाही.

मी दावा तयार करते आहे. त्याला वेळ लागेल. तपासणीचं पथक मात्र या महिन्याअखेर बाजारच्या दिवशीच येणार आहे. मागणी नाही म्हणतात. ती त्यांना दिसू दे.

आणि पाणी पी. फी म्हणून वांगी पाठवलीस तरी चालेल.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी पुनम

डोंगरकडा, २० मार्च २०२५

चि. पुनमला आशीर्वाद.

वांगी पाठवली आहेत.

तपासणीच्या दिवशी आमी सगळ्या तांब्या-तांब्यानं पाणी प्यालो. माझ्या शेजारी बसणारी पंचफुला तर दोन तांबे. पथक आलं तवा गुलाबी संडासापुढं रांग लावली. पथकातली बाई म्हणाली, उघडा. किल्ली सापडेना. शेवटी कुलूप तोडलं. आत भांडं बराबर बसवलेलं. खाली पाईप न्हाई, वर नळ न्हाई. मुख्याधिकारी म्हणाला, ते दुसऱ्या टप्प्यात आहे. पंचफुला म्हणाली, सायब, माझा दुसरा टप्पा आत्ताच येऊन राहिला.

मग रांग तशीच नगरपंचायतीच्या कार्यालयात नेली. मुख्याधिकाऱ्याच्या संडासाची वाट त्याच्या केबिनमधूनच आहे. पथकातली बाई दारात उभी राहिली, म्हणून त्याला न्हाई म्हणता आलं न्हाई. आमी एकेक करून आत गेलो. तो फायलीत तोंड घालून बसला होता. फाईल उलटी होती.

तवापासून दर बाजारला आमी तिथंच जातो. परवा तो स्वतः भाजीच्या पालावर आला. म्हणाला, मावशी, उद्यापासून पाईप टाकायला घेतो. मी त्याच्यापुढंच तांब्याभर पाणी प्याले. म्हटलं, सावकाश घ्या, आमाला तुमच्याकडं बरं पडतंय.

दावा सोडू नको. भेटायला ये.

तुझी नर्मदामावशी