सव्वाचौदा फुटांचा ओढा

३ एप्रिल
या दोन हातांनी आजवर केलेलं: घराचं फाटक, शाळेच्या घंटेचा स्टँड, पिठाच्या गिरणीचं चाक (तिसऱ्यांदा जमलं), हिची मोरीतली घडवंची. तीन पायांची. चौथा अनावश्यक होता. वेल्डिंग कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो.
आता ओढ्यावर पायपूल. एका संस्थेकडून पैसे आलेत. अट एकच, लोकांनी स्वतः ठरवायचं. म्हणजे मीच. लोकांत दुसऱ्या कुणाला कळतं?

९ एप्रिल
शाळेत बैठक. संस्थेच्या बाईंनी खडू वाटले. म्हणाल्या, गावाचा नकाशा तुम्हीच काढा. बायकांनी फरशीवर ओढा रस्त्याच्या चौपट रुंद काढला. ना स्केल, ना दिशा. ओल्या फडक्याने पुसला, नीट काढून दिला. आभार कुणी मानले नाहीत.

१० एप्रिल, सकाळी ७
ओढा टेपने मोजला. चौदा फूट तीन इंच. दोनदा.
वहिनी काठावर होत्या. कपडे शिवतात, सध्या पुलाच्या समितीच्या अध्यक्ष. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही मोजताय तो एप्रिलमधला ओढा. आम्ही काढला तो पाणी आलेला. मी म्हटलं, टेप खोटं बोलत नाही. म्हणाल्या, टेप बोलतच नाही, तुम्ही बोलता.

१७ एप्रिल
मतदान. पसंतीच्या पुलाच्या चित्रावर खडा ठेवायचा. वहिनींचा चाळीस फुटी: त्रेपन्न खडे. माझा सोळा फुटी: एक. तो माझाच.
हिला विचारलं, तुझा चुकून तिकडे पडला का? म्हणाली, बघून ठेवला.

१८ एप्रिल
संकल्प. माझा पूल मी बांधणार. एकट्याने, स्वखर्चाने, त्यांच्याआधी. हिच्याशी अबोला.

१९ एप्रिल
अबोला उद्यापासून. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

२८ मे
पूल पूर्ण. सोळा फूट, सुताचाही फरक नाही. उद्घाटन मीच केलं, टाळ्याही. समितीचं अजून काँक्रीटच चाललंय. सगळं गाव आळीपाळीने राबतंय. हीसुद्धा. मला जेवायला दुपारचे अडीच.

२१ जून
ओढ्याला पाणी. माझा पूल जागच्या जागी, एक बोल्ट ढिला नाही. फक्त दोन्ही टोकांपुढे दहा-दहा फूट पाणी. दोष पुलाचा नाही. ओढाच जागेवर राहत नाही.
दादा म्हणाला, पुलापर्यंत जायला आता होडी कर.
समितीचा पूल मागच्या आठवड्यात झाला. पोरं त्यावरून शाळेत गेली. मी पाहायला गेलो नाही. रंग हिरवा दिलाय.

४ जुलै
जेवण वाढता वाढता हिने समितीची चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. अक्षर हिचंच. माझ्या पुलाला काटक्या-गाळ अडकून पाणी वरच्या शेतांत शिरतंय. सांधे कसे जोडलेत ते फक्त मला ठाऊक, असं त्यांनी लेखी मान्य केलंय. उशिरा का होईना.
देऊ केलेलं काम: माझा पूल मीच उतरवायचा. दोन दिवसांची मजुरी, आठशे रुपये.
मी नाही म्हटलं.