बदामची नव्वी आणि अनोळखी दार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भावोजींची कंबर सरळ झाली का? भाचीचे पडलेले दात आले का? इकडचं म्हणशील तर बाबा ठणठणीत आहेत. हे वाक्य दोनदा वाच. तू फोन केलास तेव्हा ‘नेट गेलंय’ असं जे ते म्हणाले, ते काही लपवायला नव्हे, मला वाचवायला. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस आणि मी घाबरून मुद्दाच विसरतो, म्हणून हे पत्र.

तर बोटीवरची कांदे सोलायची नोकरी सोडून (सोडली म्हणजे आम्ही दोघांनीही एकमेकांना सोडलं, ते सावकाश सांगेन, त्यात एक बकरीही आहे) मी घरी आलो. बाबा दुपारचा चहा घेऊन कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होते. शिलाईचं दुकान बंद झालं तरी टेप गळ्यात आहेच. मी मागे उभा. बदामची नव्वी मोकळी, इस्पिकची दश्शी शेजारीच उघडी, आणि बाबा हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसलेले. मी तोंड उघडणार एवढ्यात पडद्यावरचा बाण आपोआप हलला, त्याने नव्वी उचलली आणि दश्शीवर नेऊन ठेवली. हात अजून मांडीवरच! माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘बाबा, बाण हलला!’ म्हटलं. ‘हलतो कधीकधी,’ म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

आता मी इंटरनेट कॅफेत काम केलेला माणूस (झाडू मारायचं, पण कान उघडे ठेवून). कॉम्प्युटरला म्हणे हजारो दारं असतात, प्रत्येकाला नंबर. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंदच. पण एखादा प्रोग्राम दाराशी कान लावून बसतो आणि बाहेरून ओळखीची हाक आली की कडी काढतो. कुठल्या दाराशी कोण बसलंय आणि पलीकडून कोण आलंय, हे विचारायची एक आज्ञा असते, ती काळ्या खिडकीत टाइप करायची. मी केली. यादी धो धो कोसळली. त्यात एक दार प्रिंटरचं निघालं, काहींचं मला कळलं नाही, आणि एका अनोळखी दारातून लांबचा कुणीतरी चक्क आत येऊन बसलेला! चोर! (नव्वी दश्शीवर लावून जाणारा हा कसला चोर, असं शहाण्या माणसाच्या मनात आलं असतं. माझ्या आलं नाही.) बाबांना फिरायला पिटाळलं आणि दिसेल ते दार लावलं. प्रिंटर मुका झाला. तो अनोळखी प्रोग्राम तर मी मुळासकट उपटला. छाती अशी फुगली होती की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा चहा घेऊन बसले. समोर चौकटची राणी, किलवरचा राजा रिकामा. हात मांडीवर. चहावर साय धरली तरी बाण हलेना.

‘अहो बाबा, लावा ना ती राणी!’

‘दिसतेय मला.’

‘मग?’

‘ती तुझ्या ताईची आहे.’

मग हळूहळू कळलं. कॉम्प्युटर बिघडला तर तिकडे बसूनच इथला पडदा बघता यावा, बाण हलवता यावा म्हणून भावोजींनी तो प्रोग्राम बसवला होता, आणि तेव्हापासून तू रोज दुपारी त्या दारातून येतेस. फोनवर तुमचं ‘जेवलात का, गोळी घेतली का’ झालं की दोघंही गप्प. इथे बोलावंच लागत नाही. बाबा म्हणाले, ‘बाण घाईत आला तर तिच्याकडे गडबड असते. रेंगाळला तर दमलेली असते. तिला वाटतं, मला पत्ते दिसत नाहीत. वाटू दे. येते तरी.’

मग मी काय केलंय ते सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं गं. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि गुंडाळत बसले.

भाचीला पापा, भावोजींना नमस्कार, आणि तुला काय देऊ, शिव्या तूच मला दे.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुद्दा हा. प्रोग्राम मी परत बसवलाय. आता कुठलं दार कशाचं, ते आधी बघून मगच हात लावतो. (प्रिंटर बोलायला लागला.) पण तो पासवर्ड मागतो आणि तो भावोजींकडे आहे. पत्र मिळताच कळव.

दुसरा ता. क. : बाबा मुद्दाम पत्ते सोडतात, हे मी तुला सांगितलेलं नाही. तूही पत्ता पटकन उचलू नकोस. जरा विचार केल्यासारखं कर, तेवढीच जास्त थांबशील.

शेवटचा ता. क. : मी तोच खेळ माझ्या फोनवर घेतलाय. पुढची नोकरी डोंगरापलीकडे आहे. भावोजींना विचार, फोनलाही असं एखादं दार बसवता येतं का. मी पत्ते मुद्दाम सोडणार नाही. मला खरंच दिसत नाहीत.