निळ्या रंगाचे सव्वीस हात

उमरेड
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम व अ. आ.

सुखरूप पोचलो. एस.टी.त बसायला जागा मिळाली आणि तू दिलेला डबा पाचगाव यायच्या आत संपवला. भरीत झकास झालं होतं. चांगलं बोलायचं ते इथवरच.

आता खरं लिहितो. तुझ्या भिंतीवरची आपल्या बाबूजींची गिटार पाहिली आणि मला किळस आली. तेव्हा बोललो नाही, कारण तू पाहुणचारात होतीस. ती गिटार आहे की नगरपालिकेचा बाक? अंगभर निळा ऑइल पेंट, थरावर थर. तारासुद्धा रंगवल्यास. पोटात डोकावलो तर झुरळांची अंडी. अंगठ्याने तार ओढली तर पिठाच्या डब्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला. बाबूजींनी हे पाहिलं असतं तर त्या दिवशी जेवले नसते.

तुला त्या वाद्याची किंमत कधी कळलीच नाही. पूर्वी गिटारी लहान, बारीक कंबरेच्या असायच्या, दिवाणखान्यात बसून वाजवायच्या. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गाणाऱ्यांच्या गर्दीत त्या ऐकू येईनात, म्हणून रुंद खांद्याची, जाड कंबरेची मोठी गिटार निघाली. तिला नावसुद्धा एका अजस्र लढाऊ जहाजाचं दिलं. बाबूजींनी तसलीच एक १९७१ साली कलकत्त्याच्या कारागिराकडून आणली, कारण खेड्यापाड्यांत आपल्या गायन पार्टीचा माईक हमखास दगा द्यायचा. पार्टीतले लोक तिला म्हैस म्हणायचे. हार्मोनियम, ढोलकी आणि चार गळे यांच्या खालून तिचा खर्ज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. असा आवाज यायला तिची समोरची फळी पापडासारखी पातळ असावी लागते. तू तिच्यावर गिलावा चढवलास.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कान तपासले. खाणीतल्या यंत्रांनी वरचे सूर केव्हाच खाल्ले, खालचे थोडे उरलेत, आणि तेही वर्षभरात जातील असं ते म्हणाले. तिथून मी सरळ तुझ्याकडे आलो तो त्या खर्जासाठी. एकदा छातीशी धरून ऐकायचा होता. फोनवर मला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मनासारखं रागावता येत नाही, म्हणून हा कागद.

तुझा
प्रेमानंद


नागपूर
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय दादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. कानांचं दोनदा वाचलं. हे तोंडावर सांगायला काय झालं होतं? आमच्याकडे सर्व ठीक. माझा गुडघा दुखतो, तू विचारलं नाहीस तरी सांगते.

दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी उघडली आणि तुझं एक कार्ड काढलं. बाबूजी गेले त्या वर्षीचं, १९९८ चं. तुझ्याच अक्षरात आहे, वाच: "दर धम्मचक्र दिनाआधी गिटारीला रंगाचा एक हात देत जा, म्हणजे वाळवी लागणार नाही. बाकी तिला हात लावू नकोस." मी तेच केलं. विहाराच्या ग्रिलला रंग दिला की उरलेला घरी आणायचा, गिटार उतरवायची, पुसायची, रंगवायची, परत टांगायची. सव्वीस वर्षं, एकदाही चुकले नाही. वास डोक्यात जायचा, तरी नाकाला पदर लावून करायचे. तुझा शब्द म्हणून.

आता किळस म्हणतोस तर माझीही ऐक. मी तेरा वर्षांची होते. तुम्ही सारे बाहेर गेलेले पाहून मी म्हैस मांडीवर घेतली. हनुवटी तिच्या कडेवर टेकली आणि जाड तार छेडली. पोटात काहीतरी हललं, दादा, अजून आठवतं. तेवढ्यात तू आलास आणि हिसकावून घेतलीस. बाबूजींना सांगितलंस. ते हसत म्हणाले की बाईमाणसाच्या मांडीवर म्हैस काहून बसन, तिले टाळ्या द्या. मग पार्टीत मी दहा वर्षं टाळ्याच वाजवल्या. समतेची गाणी गात होतो आपण, आणि मी मागच्या रांगेत टाळ्या पिटत होते. मला त्या टाळ्यांची किळस येते.

तुम्ही मला त्या गिटारीचं एकच काम दिलंत, रंगवायचं. ते मी जीव लावून केलं. आता त्याचाही दोष माझाच.

राग असला तरी माया आटलेली नाही, हे जाणून असावं.

तुझी
प्रेमिला


उमरेड
२७ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रेमिला,
अ. आ.

कार्ड माझंच. दारं-खिडक्यांना रंग देतात तसा द्यायचा, एवढीच माझी अक्कल होती. वाद्यातलं मला सारं कळतं असं समजून आयुष्य काढलं.

हिसकावलेली गिटारही आठवते. विसरलो नव्हतो, फक्त कधी आठवण काढली नव्हती. तुझं पत्र वाचून आरशात दाढी करवेना, स्वतःच्या तोंडाचीच शिसारी आली. डॉक्टर म्हणतात यंत्रांनी कान घेतले. मला वाटतं, तुझ्या बाबतीत मी आधीपासूनच बहिरा होतो.

रंग निघाला तर पाहा. समोरच्या फळीचाच काढ. ॲसिड-बिसिड लावू नकोस, पात्याने हळूहळू खरवड. नाही निघाला तर राहू दे. माझ्यासाठी करू नकोस. तुला हवी असेल तर कर.

तुझा
प्रेमानंद


नागपूर
१८ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पंधरा दिवस खरवडत होते. नखं निळी, डाळीतही रंगाचे कण. सून मेघा नाक मुरडून म्हणते की घरभर ग्रिलचा वास सुटलाय. आपल्याच हातांनी चढवलेले थर उकलताना मलाही शिसारी येत होती. शेवटी खाली लाकूड लागलं. उजव्या बाजूला बाबूजींचा हात टेकून टेकून पडलेला गुळगुळीत डाग जसाच्या तसा आहे. त्याच्यावर मी माझा हात ठेवून पाहिला. बरोबर बसतो.

सीताबर्डीवरून नव्या तारा आणल्या. बोटं कुठे ठेवायची ते मेघाने मोबाइलवर शोधून दिलं. बोटांना फोड आलेत, पण दोन कॉर्ड जमतात. आवाज पूर्वीचा राहिला नाही, जरा घोगरा झालाय. माझाही झालाय. जाड तार मात्र अजून पोटात काहीतरी हलवते.

गिटार उमरेडला पाठवणार नाही. ती माझ्या मांडीवर राहील. तू रविवारच्या गाडीने ये. गिटारीच्या कडेला तुझी पाठ टेकवायची आणि गप्प बसायचं. कानाला नाही कळलं तरी पाठीला कळेल. वाजवणार मी.

तुझी
प्रेमिला

ता. क. टाळ्या तू द्यायच्या.