पिंगळ्यासमोरची फांदी

मी, हयवदन भीमाचार्य नाडगीर, वय सहासष्ट, सरकारी कारखान्यातून निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार बसवनगुडी, बंगलोर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर व पोस्टातील बचत पत्नी कावेरी हिला. न्हाणीघरही तिचे तिला परत. अठरा वर्षे मी त्याची डार्करूम केली आणि तिने मागे आडोसा करून अंघोळ उरकली.

२. घुबडांचे फोटो घरात ठेवले म्हणून आम्हाला मूल झाले नाही, असे गावभर सांगणाऱ्या थोरल्या बहिणीला, कृष्णाबाईला, गव्हाणी घुबडाचा सर्वांत मोठा फोटो, फ्रेमसह.

३. कॅमेरा व स्टँड पुतणी नयना हिला, पण अटींवर. घरटे कुठे आहे ते कोणाला सांगू नये. घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. ते अंग चोरून ताठ बसले, की आपण फार जवळ गेलो. मुकाट्याने मागे यावे. आड येणारी फांदी दोरीने बाजूला बांधावी, काम झाले की सोडावी. तोडू नये.

४. मी तोडली. १९५४ साली कनकपुरा रस्त्यावरच्या आंबराईत पिंगळ्याची, त्या चिमुकल्या घुबडाची, ढोली पानांआड होती, उजेड पुरेना. झुडपातून वाट काढायला मित्र पद्माकरचा कोयता मागून नेला होता, तोच चालवला. फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी उघड्या ढोलीतून कावळ्यांनी पिल्ले नेली. कोयता मी झाडाखालीच विसरलो होतो आणि मुठीवर पद्माकरचे नाव होते. फांदी तुटण्याआधीच मी फोटो काढला, असे मी ठोकून दिले. आमच्या पक्षिछायाचित्र मंडळाने पद्माकरला काढून टाकले. कोयता कोणाला दिला, हे त्याने सांगितले नाही. मला माझ्या या वागण्याची आजही लाज वाटते. हे कलम माझ्या पश्चात मंडळाच्या सभेत वाचावे.

पुरवणी: साक्षीसाठी पद्माकरला बोलावले. चौथे कलम वाचून तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही गेल्यावर हे वाचून काय उपयोग? रविवारच्या सभेत तुम्हीच वाचा. स्वल्प धीर धरा, मी शेजारी बसतो. सरी? ठीक आहे ना?"

रविवारी वाचले. पिंगळ्याचा तो फोटो मंडळाच्या भिंतीवरून उतरवला, सभासदत्व गेले, योग्यच झाले. इतके हलके वाटले की बस सोडून आम्ही दोघे चालत घरी आलो. चौथे कलम खोडले आहे. मरायची आता मला मुळीच घाई नाही.

बंगलोर, २० मार्च १९६२
सही: ह. भी. नाडगीर

साक्षीदार:
डॉ. चंद्रकांत देसाई, बसवनगुडी
पद्माकर रामराव गलगली, सभासद, पक्षिछायाचित्र मंडळ, रविवारपासून पुन्हा