उपाशी पत्रा

सरावली, बोईसर
गुरुवार

प्रिय जिवल्या,

तुला आणि भागीवहिनींना खंडूचा रामराम. हे पत्र तुझी सून कमळी तुला वाचून दाखवेल. अंगणवाडीच्या कामासाठी ती आज कोळगावला सरकारी कचेरीत येणार आहे, तिथे जाऊन तिच्या हातात देतो. कमळी, बाई, तुला एक विनंती. मी सातवी शिकलेला माणूस, माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. पण लागेल तेवढा वेळ घे आणि काही गाळू नकोस. शेवटी शेवटी वाचताना थांबावंसं वाटेल, तिथे तर मुळीच थांबू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या पाड्यावर फोन मध्येच तुटतो, आणि नाही तुटला तर मीच भाताचं, पावसाचं विचारून ठेवून देतो. बारा वर्षं तेच करतोय.

तर जिवल्या, मी गाडी घेतोय. जुनीच, पण साहेबी. येत्या रविवारी सकाळी ती घेऊन तुझ्या दाराशी येणार, तुला पुढच्या सीटवर बसवणार आणि पालघरजवळच्या आपल्या माहीमच्या समुद्रावर नेणार. पगार झाला की आपण दोघं जायचो, त्याच सुरूच्या झाडांखाली. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. डोळे गेल्यापासून तू एकदाही डोंगरावरून खाली उतरला नाहीस. मी सुकट घेऊन वर येतो, तू अंगणात खाटेवर बसून म्हणतोस, ‘बोईसरचा वास नको मला, तूच येत जा.’ पण या वेळी मी तुझं ‘नाय’ ऐकायला येत नाहीये. का, ते पुढे लिहितो. मला एकदम लिहिता येत नाही.

कुठली गाडी, विचारशील. तीच. म्हणजे तिच्या जातीची. मुंबईहून मोठे साहेब यायचे ती आठवते ना, गडद निळी, बुटकी, परदेशी? ती आपल्या कंपनीच्या गेटातून आत आली की आम्ही सगळे रंग बघायचो आणि तू डोळे मिटून आवाज ऐकायचास. ‘ही चालत नाय रं खंडू, ही दबा धरते. बिबट्या उडी मारायच्या आधी अंग खाली घेतो ना, तशी.’ एका पावसाळ्यात तिचं मागचं चाक गाळात रुतलं. ढकलली आपण दोघांनी, पण ड्रायव्हरने फडकं दिलं ते तुलाच, हातांचे ठसे पूस म्हणून. तू पुसलेस. वर हसून म्हणालास, ‘पुसतो की. पन एक दिवस आत बसंन आन् ठसे आतून लावीन, मंग कोन पुसतो बघू.’ सगळे हसले, मीही हसलो. तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही.

घरात व्हायचं ते झालं. रंभा गाडी बघायला आली, दार उघडून आत डोकावली आणि म्हणाली, ‘अहो, ही गाडी आहे का जेवायचा पाट? यात मी बसले तर उठवायला कंपनीची क्रेन मागवाल का?’ पुण्याहून अंकुशचा फोन आला. ‘बाबा, जुनी महागडी गाडी म्हणजे हत्ती. घेताना परवडतो, पोसताना कळतं. त्यापेक्षा नवी साधी घ्या.’ पोरगं खोटं बोलत नाही. आणि मी कसा, तुला माहीतच. कुलूप लावून नाक्यापर्यंत गेलो तरी परत येऊन ओढून बघणारा. कंपनीत मी येताना दिसलो की पोरं ओरडायची, ‘आलं, काळजीवाहू सरकार आलं!’ त्या माणसाने सहासष्टाव्या वर्षी असली गाडी घ्यावी, म्हणजे डोकं फिरलं असंच कुणीही म्हणेल. म्हणू दे. ठरवलं ते ठरवलं.

बोईसरहून पालघरला जाताना रस्त्यावर मेहुलचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. गोड बोलणारा माणूस. पहिल्यांदा त्याने पांढरी दाखवली, म्हणाला, ‘काका, डॉक्टरची गाडी, फक्त दवाखान्यात जायची.’ मी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. वरचा हात-दीडहात पट्टा स्वच्छ, आणि आतल्या टोकाला गाळाची रेघ. मी म्हटलं, ‘दवाखाना पुरात होता वाटतं.’ तो हसला, पण तेव्हापासून मला ‘काका’चं ‘खंडेरावकाका’ करून टाकलं.

मग ही निळी आली. मी सकाळी गेलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. म्हणजे मी यायच्या आधी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन जे रडतं ते गरम झाल्यावर लपतं, हे मला आपल्या पंपांनी शिकवलंय. मी त्याला म्हटलं, थंड होऊ दे, मी बसतो. प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि दुपारपर्यंत बसलो. डबा नेला होताच. मेहुल तीनदा येऊन म्हणाला, ‘खंडेरावकाका, दुसरं गिऱ्हाईक येईल हां.’ मी म्हटलं, येऊ दे, त्यालाही खुर्ची दे. दुपारी चालू केली. एकदा घसा खाकरला आणि मग जी लागली, जिवल्या, तुला सांगतो, दबाच धरला तिने. मला तुझीच आठवण आली.

त्यानंतर मी पिशवीतून आपली हातोडी काढली. तीच, लाकडी दांड्याची, निरोपाच्या दिवशी कंपनीने शाल-नारळ दिला तेव्हा मी मागून घेतलेली. ती बघून मेहुल ओरडला, ‘अरे खंडेरावकाका, क्या कर रहे हो, रंग उडेल!’ मी दांड्याच्या टोकाने हळूच टोकून दाखवलं तेव्हा बाजूला सरला. लोक गाडीचा रंग बघतात, किती किलोमीटर झाली ते बघतात. या खाऱ्या हवेत आणि आपल्या कारखान्यांच्या वाफेत पत्रा आतून खाल्ला जातो, वरून पुट्टी भरून रंग मारला की नवरी तयार. हे डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. आपण दोघांनी आयुष्यभर तेच तर केलं. मी टाकीवर हातोडी मारायची आणि तू खडू घेऊन मागे. जाड पत्रा खणखणीत बोलतो, खंगलेला बद्द वाजतो. पहिल्याच महिन्यात तू त्याला नाव ठेवलंस. ‘हा जेवलाय. हा जेवलाय. हा उपाशी हाय रं.’ उपाशी म्हटलं की तू गोल काढायचास. साहेबांच्या कागदावर काही का लिहिलेलं असेना, आपल्या दोघांत पत्रा जेवलेला असायचा नाहीतर उपाशी.

गाडी सगळी वाजवली. छत जेवलंय, बॉनेट जेवलंय, तीन दारं जेवलीत. मागच्या डाव्या दाराचं खालचं अंग मात्र मला कळेना. एकदा वाटतं ठीक, एकदा वाटतं आत पुट्टी. मेहुल आईची शपथ घेऊन सांगतो की ओरिजिनल आहे. मी वीस वेळा वाजवलं असेल. जिवल्या, माझे कान गेलेले नाहीत. पण त्यांत आता इतकी भीती भरलीय की पत्र्याचा आवाज कुठला आणि भीतीचा कुठला, हे वेगळं करता येत नाही. म्हणून मी मेहुलला सांगितलं, विसार देतो, पण सौदा रविवारी. वर डोंगरात माझा एक माणूस आहे, तो हात लावून, ऐकून ‘हो’ म्हणाला तरच घेणार. तो म्हणाला, ‘मेकॅनिक है क्या?’ मी म्हटलं, त्याहून मोठा.

रस्त्याची काळजी तू करू नकोस, ती माझ्याकडे भरपूर आहे. गाडी बुटकी, पोट खाली घासणार. म्हणून मंगळवारी एसटीने विक्रमगडला आलो आणि तिथून पुढे तुमच्या फाट्यापर्यंत पायी गेलो. वाटेतला प्रत्येक स्पीडब्रेकर हातोडीच्या दांड्याने मोजला. लोक बघत होते. एका म्हातारीने विचारलं, ‘बाबा, कोनता साहेब तुमी?’ मी म्हटलं, काळजीवाहू. बाकी सगळे निघतात, फक्त तुमच्या ओढ्यावरच्या मोरीवरचा घासतो. त्याच्यासाठी दोन फळ्या डिकीत टाकतोय. मेहुलही बरोबर येणार आहे. गाडी घेऊन मी पळून जाईन अशी भीती त्याला नाही, पण मी दर खड्ड्याला उतरून वाकून बघतो, त्यामुळे परत यायला संध्याकाळ होईल याची आहे. फळ्या त्यालाच धरायला लावीन. एवढं करूनही गाडी मोरीवर अडकली, तर तिथे उभी करून चालत येईन. फाट्यापर्यंत आलो होतो, तुझ्या घराची कौलं दिसत होती. मंगळवारी वर आलो नाही, कारण हे पत्र तोवर लिहून झालं नव्हतं.

आता लिहितो. कमळी, थांबू नकोस.

आम्लाच्या टाकीची ती तपासणी. त्या आठवड्यात मी दोनदा काम थांबवलं होतं. दोन्ही वेळा मशीन लावून बघितलं, पत्रा चांगला निघाला आणि सगळे हसले. साहेब म्हणाले, ‘खंडेराव, तुमच्या पोटात दुखलं की कंपनीने बंद ठेवायची का?’ तिसऱ्या दिवशी टँकर गेटवर उभा, साहेब घड्याळ बघतायत. शिडीच्या मागे खालच्या जोडाशी मी हातोडी मारली. तू माझ्या मागे होतास, खडू टाकीपासून चार बोटांवर धरून. मी परत एकदा मारली. मग मान हलवली आणि म्हणालो, ‘जेवलाय.’ तू खडू खिशात ठेवलास. चार दिवसांनी त्याच जोडाखाली तू उभा होतास.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या असताना तू मला एकच विचारलंस, ‘खंडू, तुला आवाज आला नव्हता ना?’ मी म्हणालो, नाही. तू माझा हात दाबलास. पुढे जो भेटेल त्याला सांगत राहिलास, ‘खंडूच्या कानानं दगा दिला, खंडूनं नाय.’ भागीवहिनींनी मला तुमच्या घरी जेवायला वाढलं, ते या एका वाक्यावर. ते खोटं आहे. मला आवाज आला होता. पहिल्याच ठोक्याला आला होता. पत्रा उपाशी होता, जिवल्या. दुसरा ठोका मी ऐकण्यासाठी मारलाच नव्हता, हिंमत येते का बघायला मारला होता. आली नाही. पुन्हा हसतील, एवढ्यासाठी मी ‘जेवलाय’ म्हणालो.

एक गोष्ट मी कधी विचारली नाही, तीही विचारून टाकतो. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला. पहिल्या ठोक्यानंतर तुझा खडू तसाच हवेत थांबला होता. तुलाही ऐकू आलं होतं का? मी म्हणेन तेच खरं, म्हणून तू गप्प राहिलास का? सांगायचं नसेल तर सांगू नकोस. विचारल्याशिवाय मला राहवलं नाही, एवढंच.

गाडीत बसवून नेलं म्हणजे फिटलं, असं मला वाटत नाही. आधी तसंच ठरवलं होतं, की समुद्रावर नेईन आणि तिथे सांगेन. पण दाराच्या त्या खालच्या अंगाशी वाकलो होतो तेव्हा कळलं, आधी मऊ सीटवर बसवायचं आणि मग सांगायचं, हीसुद्धा पुट्टीच झाली. म्हणून आधी सांगितलं. आता बसायचं की नाही, ते तू ठरव. मी रविवारी दहाच्या सुमाराला मोरीपाशी हॉर्न वाजवीन. भागीवहिनींनी दार लावून घेतलं तर अंगणाबाहेर उभा राहीन, पण परत जाणार नाही. तू ये. गाडीत बसावंसं वाटलं नाही तर बसू नकोस, पण गाडीच्या त्या मागच्या दारापर्यंत ये. हातोडी मी मारीन आणि जे ऐकू येईल ते मोठ्याने बोलेन, मेहुल हसला तरी, सगळा पाडा हसला तरी. माझं चुकत असेल तर तू माझं ऐकू नकोस. तुझ्या कानाला उपाशी वाटलं, तर मी काहीही म्हणालो तरी त्या निळ्या रंगावर गोल काढ. खडू मी आणतोय.

तुझाच,
खंडू