दारात थांबलेली वंशावळ

कुंवर भोपालसिंहजी, खम्मा घणी.

तुम्हाला मुलगा झाल्याचं कळलं, म्हणून सकाळीच वाद्य घेऊन गडावर आलो. यजमानाकडे मूल जन्मलं की वंशावळ गायची आणि शेवटी बाळाचं नाव जोडायचं, हे आम्हा मांगणियारांचं पिढीजात काम. पहारेकऱ्याने माझ्याकडे तिकीट मागितलं. तेवढ्यात तुम्ही परदेशी पाहुण्यांना महाल दाखवत बाहेर आलात.

"लाधू, बरा आलास. इथंच दारात बस, फोटो छान येतील. आणि जरा हसून गा."

बाळाचं नावही सांगितलं नाहीत.

मी बसलो. गडाच्या पहिल्या रावळ राजापासून एकेक नाव गात तुमच्या वडिलांपर्यंत आलो आणि तिथंच वाद्यावरचा गज खाली ठेवला. आमच्यात यजमानाशी नातं तोडतात ते असंच, चारचौघांत त्याचं नाव गाळून. तुमच्या वडिलांवर अशी वेळ आली असती, तर त्यांनी पगडी उतरवून माझ्या बापाचे पाय धरले असते.

तुम्ही पाहुण्यांबरोबर टाळ्या वाजवल्यात. म्हणालात, "छान. उद्यापण ये."

म्हणून हे पत्र धाडत नाही. ज्याला स्वतःचं नाव गाळलेलं ऐकू आलं नाही, त्याला लिहून काय कळणार?

तुमच्या वडिलांचा,
लाधू मांगणियार