वखार लेकीला, शेगडी दिराला

माझी अक्कल ठिकाणावर नाही असं दिराने गल्लीभर करून ठेवलंय, म्हणून आधी तेच लिहिते. मी, कोळशाच्या वखारीची मालकीण, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र करीत आहे. कफ छातीत आहे, डोक्यात नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासलं.

१. वखार, वरची खोली व गच्ची नवऱ्यामागे माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात दिराचा काडीचा हक्क नाही. दीर हॉल भाड्याने घेऊन प्रवचनं देतो. कोळसा म्हणजे पाप, धूर म्हणजे धरणीमातेचा अपराध, ऊन म्हणजे पुण्य. बाया रडतात. डोळे पुसत बाहेर आल्या की दारातच त्याचा मेव्हणा सोलर विकायला बसलेला. मला म्हणाला, "वहिनी, जागा संस्थेला द्या, प्रायश्चित्त होईल." संस्था म्हणजे कोण, तर तो आणि मेव्हणा.

२. वजनकाटा हमालाला. उभा जन्म पाठ काळी केली त्याने. त्याला कुणी पापी म्हणालं तर काटा डोक्यात घालायची माझी परवानगी आहे.

३. दिराला शेगडी. तिच्या उबेला बसून तो शिकला, फीसुद्धा ह्याच पापातून गेली.

४. वखार, खोली, गच्ची माझ्या पश्चात लेकीची. लेक भर सभेत उठून म्हणाली, "मला माझ्या आईच्या पापाची लाज वाटते." तेव्हापासून काकाकडेच राहते. त्याने तिला उगाच ठेवून घेतलेली नाही. म्हणून लिहिते, ही जागा तिने दिराला, मेव्हण्याला वा संस्थेला विकली किंवा लिहून दिली, तर जागा त्याच क्षणी हमालाची.

पोरी, कोळसा वाईट हे मला काकाने शिकवायला नको. तुझा बाप खोकून खोकून गेला, त्याची उशी मीच धुवायचे. ऊन दरवर्षी चढतंय, तेही कळतं. वखार बंद कर, गच्चीवर सोलर लाव, चार दुकानांत भाव विचारून. पण ह्याला घाण म्हण, पाप म्हणू नकोस. घाण आपली आपल्याला धुता येते. पापाला माफ करणारा लागतो, आणि त्याला गच्ची लागते.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), डॉक्टरीणबाई (सही, शिक्का). हमालाची सही घेतली नाही, त्याला काटा मिळतोय. घेतली असती तर उद्या दीर त्यावरूनच कोर्टात गेला असता.

ठिकाण: वखारीतली खाट. वार सोमवार, तारीख डॉक्टरीणबाईंच्या शिक्क्याखाली आहे तीच.

ही नक्कल शिंपी तुझ्याच हातात देईल. वखारीची किल्ली घेतेस की नाही, ते शनिवारच्या आत सांग. स्वतः येऊन. काकाने आणलेला निरोप मी उत्तर धरणार नाही.